हात थरथरतो म्हणून कॅमेरा ठेवून देऊ नका

वय झाले की हात थरथरू लागतो आणि मग माणूस एकेक काम सोडत जातो. माझ्या अब्बांचे सर्वांत आधी सुटले ते फोटो काढणे. ते शिक्षक होते. पगारातून पैसे साठवून त्यांनी निकॉनचा फिल्म कॅमेरा घेतला होता. आमच्या खानदानातल्या कितीतरी निकाहांचे आणि अकीक्यांचे फोटो त्यांनीच काढलेले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो कॅमेरा आणि दोन लेन्स, एक ५० मिलिमीटरची आणि दुसरी १३५ ची, माझ्या हाती दिल्या. म्हणाले, "बेटी, हे आता कुणाला तरी देऊन टाक."

मी ते दिले नाही. शाळेच्या कार्यक्रमांसाठी मी एक वापरलेला मिररलेस कॅमेरा घेतला होता. मिररलेस म्हणजे ज्याच्या आत आरसा नसतो असा. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरशासाठी जागा सोडावी लागे. त्यामुळे निकॉनच्या जुन्या लेन्सची बैठक फिल्मपासून ४६.५ मिलिमीटरवर असते. माझ्या सोनीच्या कॅमेऱ्यात हे अंतर १८ मिलिमीटर आहे. मधले २८.५ मिलिमीटर भरून काढणारे धातूचे कडे मिळते, त्याला अडॅप्टर म्हणतात. ते लावले की अब्बांची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते.

आता प्रश्न थरथरीचा. माझ्या वर्गातल्या मुलांना मी कोंबडीचे उदाहरण देते. कोंबडी हातात धरून हळूच इकडेतिकडे हलवा, तिचे डोके जागच्या जागी राहते. शरीर जिकडे जाते, त्याच्या उलट मान वळते. कॅमेऱ्यातही असेच घडते. कॅमेरा किती आणि कुठे हलला हे आतले जायरो सेन्सर क्षणोक्षणी मोजतात. ज्यावर चित्र उमटते तो सेन्सर लोहचुंबक आणि तारेची वेटोळी यांच्या जोरावर अधांतरी धरलेला असतो. हलण्याचे माप कळताच तो स्वतः सरकून चित्राचा पाठलाग करतो. २०१२ साली ऑलिंपसच्या ई-एम५ कॅमेऱ्यात अशा पाच प्रकारच्या हालचाली सावरण्याची सोय आली. २०१४ मध्ये सोनीने ती ए७ मार्क टू या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात आणली. सावरणारे यंत्र लेन्समध्ये नसून कॅमेऱ्यात असल्यामुळे कितीही जुन्या लेन्सला त्याचा फायदा मिळतो.

पण इथे एक अट आहे. नवी लेन्स कॅमेऱ्याला तारेतून आपले माप सांगते. जुनी लेन्स मुकी असते, म्हणून ते आपल्याला मेनूत जाऊन भरावे लागते. हे का, ते अब्बांना मी कागदावर गणित मांडून दाखवले. कॅमेरा एका अंशाच्या दहाव्या भागाएवढा कलला, तर ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये चित्र सुमारे ०.०९ मिलिमीटर सरकते. १३५ च्या लेन्समध्ये तेच ०.२४ मिलिमीटर सरकते. लावली १३५ ची लेन्स आणि मेनूत लिहिले ५०, तर सेन्सर ०.०९ वर थांबेल आणि बाकीची थरथर फोटोत उतरेल. उलट ५० च्या लेन्सला १३५ लिहिले, तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त धावेल आणि स्वतःच फोटो बिघडवेल. अब्बांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे लेन्स बदलली की आकडाही बदलायचा." एवढे कळले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे म्हणजे यंत्राची मर्यादा ओळखणे. कलणे, वळणे आणि गोल फिरणे या हालचाली ते मुक्या लेन्ससह सावरते. पण कॅमेरा सरळ वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकला, तर वस्तू किती दूर आहे हे ठाऊक असावे लागते आणि जुनी लेन्स तेही सांगत नाही. लांबच्या फोटोत हे जाणवत नाही, अगदी जवळच्या फुलाच्या फोटोत जाणवते. दुसरे म्हणजे यंत्र आपला हात सावरते, समोरच्याला नाही. नातू धावत असेल तर शटरचा वेगच वाढवावा लागतो.

अब्बांची थरथर साध्या हातापेक्षा मोठी आहे. म्हणून आम्ही सगळा भार यंत्रावर टाकत नाही. ते खुर्चीत बसतात, कोपर टेबलावर टेकवतात, एकाच क्षणाचे चार-पाच फोटो घेतात. जुन्या लेन्सची फोकसची कडी जड फिरते, ती त्यांच्या बोटांना बरी पडते. निम्मे फोटो हलतात, निम्मे साधतात.

गेल्या हिवाळ्यात फुफी अंथरुणाला खिळल्या होत्या. फ्लॅशच्या उजेडाने त्यांच्या डोळ्यांना त्रास होई, म्हणून बरेच दिवस त्यांचा फोटोच काढला नव्हता. अब्बांनी खिडकीच्या उजेडात, ५० ची लेन्स लावून, सेकंदाच्या पंधराव्या भागात त्यांचा फोटो काढला. सात फोटोंत तीन स्वच्छ आले. फुफी आता नाहीत. त्यांच्या मुलांच्या घरी त्या तीनपैकी एक लावलेला आहे.

तुमच्या घरच्या कपाटातही अशी लेन्स असेल, तर मोडीत घालण्यापूर्वी उजेडाकडे धरून पाहा. काचेत बुरशी नसेल, कडी फिरत असेल, तर ती अजून कामाची आहे. कॅमेरा घेताना मात्र स्थिर करणारी सोय लेन्समध्ये आहे की कॅमेऱ्यात, हे दुकानदाराला नक्की विचारा. आणि घरच्या थोरल्यांच्या हाती तो एकदा देऊन बघा.