छोट्या धंद्याची जावक

जुलै २०२५ मध्ये बंगळूरच्या चहाच्या टपऱ्यांवर, बेकऱ्यांवर आणि किराणा दुकानांवर हाताने लिहिलेल्या पाट्या दिसू लागल्या: ‘यूपीआय नाही, फक्त रोख’. के. आर. पुरमच्या बाजारात अशा चार-पाच पाट्या मी स्वतः वाचल्या. कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांच्या यूपीआय व्यवहारांची माहिती मिळवली होती. वस्तूंच्या विक्रीसाठी वार्षिक ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख ही वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा ज्यांनी ओलांडल्याचे दिसले, अशा हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा गेल्या होत्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या उलाढालीवर सुमारे २९ लाखांची मागणी आल्याचे वृत्त तर देशभर गाजले. ताजी भाजी मुळात करमुक्त आहे. पुढे २३ जुलै रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलून जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, मात्र यापुढे नोंदणी करावी लागेल, असे सांगितले आणि प्रकरण निवळले.

कर विभागाची बाजूही समजून घेतली पाहिजे. नोंदणी केलेला दुकानदार कर भरतो आणि तेवढीच विक्री करणारा शेजारचा दुकानदार भरत नाही, हे कोणत्याही शासनाला फार काळ चालू देता येत नाही. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रकरणात दुसरेच काही दिसते. वर्षाला ४० लाख म्हणजे दिवसाला सुमारे अकरा हजारांची विक्री. शंभर रुपयांच्या विक्रीमागे पाच रुपये सुटणाऱ्या दुकानदाराला त्यातून वर्षाकाठी दोन लाख मिळतात, म्हणजे महिन्याला सतरा हजारही नाहीत. विक्रीचा प्रत्येक रुपया संगणकावर नोंदला गेलेला आहे. उरलेले अडतीस लाख कोठे गेले, याची नोंद मात्र पुष्कळदा त्याच्या डोक्यातच असते. पूर्वी छोट्या माणसाची आवक आणि जावक दोन्ही झाकलेल्या होत्या. आता आवक उघडी पडली आहे आणि जावक तशीच झाकलेली राहिली आहे.

आमच्या इमारतीत निपाणीकडच्या एक वहिनी राहतात. यजमानांची नोकरी गेल्यावर त्यांनी घरून भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पुरणपोळी असे पदार्थ करून विकायला सुरुवात केली. टिन फॅक्टरीपासून महादेवपुरापर्यंतच्या पीजींमध्ये मराठी मुले-मुली पुष्कळ, त्यामुळे मागणीची चिंता नव्हती. सहा महिन्यांनी त्या मला म्हणाल्या, “भाऊजी, पैसं येत्यात, पर ऱ्हात न्हाईत.” मुलाच्या कॉलेजची फी भरण्याची तारीख जवळ आली होती, आणि धंदा चालू ठेवावा की कोठे पगारी काम धरावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. करसल्लागाराने त्यांना वह्या ठेवण्याची गरज नाही असे सांगितले होते.

कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४ एडीनुसार लहान व्यावसायिकाने उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या सहा टक्के, इतका नफा दाखवला की हिशेबाच्या वह्या ठेवण्याचे बंधन राहत नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही सोय कायम आहे. शिवाय २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. तेव्हा वहिनींचा कर शून्यच. ही सवलत चांगली आहे. तिने लाखो लोकांचा त्रास वाचवला. परंतु तिच्यामुळे एक समजूत रूढ झाली की हिशेब हा सरकारसाठी असतो, आणि सरकारने मागितला नाही की तो लिहावयाचा नसतो. आमच्या आजोबांच्या पिढीतला गावचा वाणी आयकर भरत नसे, तरी रोज रात्री कीर्द लिहिल्यावाचून झोपत नसे.

मी त्यांना एक साधी वही घ्यायला सांगितली. एका महिन्याची आवक खात्यात ४६,३०० दिसत होती. त्यातले ८,००० त्यांच्या भावाने आईच्या औषधांसाठी पाठवलेले निघाले, म्हणजे विक्री ३८,३००. (खात्याचा उतारा पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही, नोटिसांच्या प्रकरणात घरगुती रकमाही विक्रीत धरल्या गेल्याची तक्रार अनेकांनी केली होती.) जावक अशी: किराणा १९,४००, व्यावसायिक गॅस सिलिंडर ३,६००, डबे आणि पिशव्या २,३००, मदतीला येणाऱ्या बाईंचा पगार ४,५००, आणि रिक्षा ४,७००. उरले ३,८००. रिक्षाचा आकडा पाहून त्या गप्पच झाल्या, कारण ते पैसे दररोज घरखर्चाच्या डब्यातून दिले जात आणि धंद्याचा खर्च म्हणून कोणी मोजतच नसे.

खरी अडचण पुराव्याची होती. रिक्षावाला पावती देत नाही, आणि बाजारातली कोथिंबीर विकणारी तर नाहीच नाही. येथे मला सरकारी कामाचा उपयोग झाला. खर्चाला व्हाउचर हवे, यावरून आमची थट्टा पुष्कळ होते. परंतु केंद्र सरकारच्या देयक नियमांत एक शहाणी तरतूद आहे: जेथे व्हाउचर किंवा पावती मिळणे शक्य नसते, तेथे पैसे देणाऱ्या अधिकाऱ्याने तशा परिस्थितीचे कारण नमूद करून स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र जोडावयाचे असते. सरकार आपल्या अधिकाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवते, पण तो शब्द त्याच वेळी लिहिलेला असावा लागतो. वहिनींनी तेच केले. तारीख, कोणाला, किती, कशासाठी, आणि खाली सही; बिल असेल तर टाचणीने जोडलेले. महिनाभरानंतर आठवून लिहिलेल्या यादीला असे वजन येत नाही. धंद्यासाठी वेगळे बचत खाते उघडून त्याचाच क्यूआर कोड लावला, ही दुसरी गोष्ट. भावाचे पैसे जुन्या खात्यात येतात.

तीन महिन्यांच्या नोंदींवरून असे दिसले की महादेवपुराकडची लहान ऑर्डर पोहोचवताना दर वेळी तोटाच होत होता. वहिनींनी ती बाजू बंद केली नाही. पाच जणांनी मिळून मागवले तरच पोहोचवायचे, एरवी न्यायला यावे, असे ठरवले. भाकरीचा दर दोन रुपयांनी वाढवला. गिऱ्हाइके थोडी तुटली, उरलेली रक्कम मात्र वाढली, आणि फीचा पहिला हप्ता त्यातून गेला.

एका रकान्यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. त्या पहिल्या महिन्यात वहिनी सव्वीस दिवस रोज सहा तास राबल्या. ३,८०० भागिले १५६ तास, म्हणजे तासाला साधारण चोवीस रुपये. मदतीच्या बाई रोज दोन तास येतात. त्यांना तासाला शहाऐंशी रुपये पडतात. म्हणजे मालकिणीची मजुरी नोकराच्या एक तृतीयांशही नव्हती. आयकराच्या हिशेबात मालकाच्या स्वतःच्या श्रमाचा पगार खर्च म्हणून धरता येत नाही, आणि ते नियमाला धरूनच आहे. परंतु धंदा ठेवावा की नोकरी धरावी, हे ठरवताना अर्थशास्त्र ज्याला वैकल्पिक खर्च म्हणते तो हाच. मी त्यांना शेवटच्या पानावर, कराशी संबंध न ठेवता, स्वतःचे तास लिहायला सांगितले आहेत. “घरच्या बाईचं तास कोण मोजतं भाऊजी?” असे त्या म्हणतात. तारखा त्यांनी लिहिल्या आहेत. तासांचा रकाना गेल्या आठवड्यापर्यंत कोराच होता.