आजीचं ‘येजो’

पुणे

चि. छकुलीस,



परवा भाऊजींचा फोन आला होता. “पोरीनं नवीनच खूळ काढलं. संगणकीय भाषाशास्त्र म्हणे. हे कोणतं खातं?” त्यांचं काही चुकलं नाही. भाषेवाले म्हणतात, हा कॉम्प्युटरचा विषय. कॉम्प्युटरवाले म्हणतात, भाषेचा. बारावीनंतर थेट हेच शिकायचं तर हैदराबादच्या ट्रिपल आयटीत पाच वर्षांची दुहेरी पदवी आहे, कॉम्प्युटर सायन्समधलं बी.टेक. आणि कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्समधलं एम.एस. एरवी बहुतेक जण आधी वेगळी पदवी घेतात आणि मग इकडे वळतात. घराजवळ म्हणशील तर वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात भाषा-तंत्रज्ञान शिकवतात. फी, होस्टेल, प्रवेश परीक्षा हे सगळं भाऊजींबरोबर बसून बघ. गणित मात्र सुटणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

या धंद्यात रोज काय करावं लागतं, ते एका शब्दावर दाखवतो. “शाळेतल्यांनासुद्धा”. तू हा शब्द एका दमात बोलतेस. यंत्राला तो उसवावा लागतो. ‘शाळा’चं सामान्यरूप ‘शाळे’, त्याला ‘त’ लागला, त्यावर ‘ला’ बसून विशेषण झालं, त्या विशेषणाचं पुन्हा अनेकवचनी सामान्यरूप ‘शाळेतल्यां’, मग ‘ना’, वर ‘सुद्धा’. शाळेत सामान्यरूप म्हटलं की आपण पेंगायचो. इथे तेच पोटापाण्याचं साधन होतं. मोरो केशव दामल्यांचं १९११ चं व्याकरण अजून माझ्या टेबलावर आहे, आणि ते शोभेला ठेवलेलं नाही.

आता माझी एक फजिती. नोकरीच्या सुरुवातीला माझं काम होतं वाक्यांतल्या शब्दांना खुणा करायचं: हे नाम, हे क्रियापद, हे सहायक. एका गठ्ठ्यात विदर्भातल्या लोकांचं बोलणं उतरवून आलेलं होतं. “पाऊस येऊन राह्यला.” मी काय करावं? ते खोडून “पाऊस येत आहे” असं ‘शुद्ध’ केलं. एक नाही, अशी कितीतरी वाक्यं. विदर्भातल्याच आर्वीत वाढलेला माणूस मी! काही महिन्यांनी आमचं यंत्र तपासायला घेतलं आणि त्याला “पोट्टा जेवून राह्यला” असं दिलं. त्याला वाटलं, पोरगा जेवला आणि मुक्कामाला थांबला. यंत्राला बोल लावण्यात अर्थ नव्हता. आपल्याकडे ‘राहणे’ हे क्रियापद चालू काळ दाखवतं, हे ज्यांवरून ते शिकलं असतं ती वाक्यं मीच पुसून टाकली होती. ग्रियर्सननं आपल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने जसेच्या तसे छापले. आयरिश साहेबाला जे सुचलं ते आर्वीच्या पोराला सुचलं नाही.

पुस्तकातली भाषा तरी यंत्राला सोपी जात असेल, असं वाटतं ना? तर वर्ध्याचीच गोष्ट ऐक. १९३६ साली तिथे राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. त्या काळात काका कालेलकर आणि मंडळींनी लिपिसुधारणेचा ध्यास घेतला होता. इ, उ, ए ही वेगळी अक्षरं कशाला, ‘अ’लाच काना-मात्रा-वेलांटी लावा, असं त्यांचं म्हणणं. समितीची पुस्तकं तशी छापलीही गेली. ‘एक’ऐवजी ‘अेक’, ‘उस’ऐवजी ‘अुस’. टाइप जुळवणाऱ्याचे खिळे वाचले. आपल्याकडे सावरकरही हीच बाराखडी चालवत होते. ती पुस्तकं आज स्कॅन करून यंत्रात घातली की ‘एक’ शोधणाऱ्याला ‘अेक’ सापडत नाही. वाचताना उच्चार तोच असला तरी युनिकोडमध्ये ‘ए’ हे एक चिन्ह आणि ‘अे’ ही दोन. नियम लिहून हे जुळवता येतं, पहिल्या वर्षाच्या पोराला जमेल असं काम आहे. पण आधी ही पुस्तकं अशी का छापली, हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. आणि हसू नकोस, तुझ्या मोबाइलवरचा ‘ॲ’सुद्धा असाच दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसतो सारखा, शोधताना दगा देतो.

म्हणून म्हणतो, कोडिंग तू कुठेही शिकशील, कान मात्र घरूनच घेऊन जा. हिंगणघाटहून निघताना ‘आमचं बोलणं गावठी’ असं मनात धरून गेलीस तर माझ्यासारखीच खोडरबर घेऊन बसशील.

सुट्टीत आर्वीला जाशील तेव्हा एक वही ने. आजी कधी ‘ये’ म्हणते आणि कधी ‘येजो’, तेवढं टिपून ठेव. तारीख, वेळ, समोर कोण होतं, सगळं. मला वाटतं ‘ये’ म्हणजे आत्ता आणि ‘येजो’ म्हणजे नंतर केव्हातरी; पण मी वीस वर्षं पुण्यात आहे, माझ्या कानावर भरवसा ठेवू नकोस. रेकॉर्ड करायचं असेल तर तिला सांगून कर. सांगितलंस की ती पहिला अर्धा तास रेडिओवरच्या बाईसारखी बोलेल. तो अर्धा तास जाऊ दे.

तिला सांगजो, दिवाळीत येऊन राह्यलो.

तुझा,
मामा