मेंडेलचा वाटाणा आणि अजिंठ्याची कपाशी

आपण इंजिनिअरिंगवाले एखादं सॉफ्टवेअर बनवतो, आपणच ते टेस्ट करतो आणि आपणच स्वतःला दहापैकी नऊ मार्क देऊन टाकतो! पण ज्याच्यासाठी ते बनवलं, त्याला कुणी विचारतं का?

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे अजिंठ्याला गेले, तेव्हा हाच प्रश्न डोक्यात होता. लेणी बघायला सगळं जग तिकडे जातं. मी मात्र अकरावी-बारावीची सहा मुलंमुली जमवून बसले. विषय होता जेनेटिक्स. या मुलांची गंमत अशी, की दहावीपर्यंत ती मराठीतून ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ गुण शिकतात आणि अकरावीत एकदम ‘डॉमिनंट’ आणि ‘रिसेसिव्ह’! मी पडले कॉन्व्हेंटची. माझे मराठी शब्द त्यांनीच पक्के करून घेतले.

लॅपटॉपवर दोन साइट्स दाखवल्या. एक अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाची ‘लर्न.जेनेटिक्स’. त्यात व्हर्च्युअल लॅब आहे: जेल बनवा, डीएनए भरा, करंट सोडा आणि लहानमोठे तुकडे वेगळे होताना बघा. दुसरी कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’. तिथे ससे आहेत. त्यांचा रंग बदला, लांडगे सोडा आणि पुढच्या पिढ्यांत कोण टिकतं ते पाहा. मुलांच्या हातात मार्कांचा तक्ता दिला: सोपेपणा, भाषा, चित्रं, वेग.

जेलच्या लॅबला चित्रांचे भरपूर मार्क मिळाले, भाषेचे कमी. “वाचता येतं ताई, पण वाचण्यातच दम जातो,” एक जण म्हणाला. ससे सगळ्यांना आवडले. लांडग्यांनी एकदा सगळेच फस्त केले तेव्हा तर खोलीत हशा पिकला.

एका मुलीने मात्र तक्त्यात पाचवा रकाना स्वतःच आखला: ‘घरी सांगता येईल का?’ आणि दोन्ही साइट्सना तिथे तीन-तीन मार्क दिले! तिच्या घरी कपाशी असते. वडील दरवर्षी हायब्रीड बियाण्याची पिशवी विकत आणतात, घरची सरकी पेरत नाहीत. का? ते ना सशांनी सांगितलं, ना जेलने.

मग आम्ही कागद घेतला. मेंडेलने १८६६ मध्ये छापलेले आकडे लिहिले. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकराची पहिली पिढी सगळी गोल. तीच पुढे वाढवली तर ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. लपलेला गुण पुन्हा वर आला!

“म्हणजे घरची सरकी पेरली तर झाडं एकसारखी येणारच नाहीत,” ती म्हणाली. अगदी बरोबर. बोंडअळीसाठी घातलेलं बीटी जनुकसुद्धा त्यातल्या प्रत्येक झाडात उतरेल असं नाही. आणि देशात बीटी कपाशीला पहिली परवानगी २००२ मध्ये मिळाली ती ज्या महिकोच्या बियाण्याला, ती कंपनी आपल्या शेजारच्या जालन्यात सुरू झालेली! कागदावरच्या वाटाण्याला तिने पाचव्या रकान्यात आठ मार्क दिले.

त्या साइट्स वाईट नाहीत. मला स्वतःला फार आवडतात. पण त्या बनवणाऱ्याला सरकीचा प्रश्न सुचणार कसा? तो शेतकऱ्याच्या पोरीलाच सुचतो. म्हणून दोस्तहो, यंदा प्रोजेक्ट सबमिट करण्याआधी तो एकदा वापरणाऱ्यांच्या हातात द्या. सोबत मार्कांचा तक्ताही द्या. आणि त्यात एक रकाना कोरा ठेवा.