अखेरच्या पंक्तीचा पाहुणा

लग्नघरांत पहिली पंगत उठते, दुसरी उठते, आणि वाढणारांचे हात भरून आले म्हणजे तिसरी बसते. नेमक्या ह्या वेळीं दाराशीं गाडी थांबते, तींतून एखादा लांबचा आप्त उतरतो, आणि यजमान स्वतः सामोरे जाऊन त्याला अगदीं मधल्या पाटावर नेऊन बसवितात. पहांटेपासून पाणी भरणारा, पानें मांडणारा घरचा पुतण्या त्याच पाटावर बसण्याच्या बेतांत असतो, त्याला कोणी तरी हळूच सांगतें, "तूं जरा थांब रे, हे लांबून आले आहेत." पाहुण्याचा ह्यांत कांहीं अपराध नसतो, तो बोलावल्यावरून आलेला असतो. परंतु म्हणून पुतण्याची भूक खोटी ठरत नाहीं. खेळाच्या हंगामाच्या अगदीं शेवटीं, निर्णायक सामने तोंडावर आले असतां, परदेशांतून किंवा परप्रांतांतून एखादा नामांकित गडी आणून उभा करण्याची जी चाल आहे, तिचा विचार करतांना आम्हांला नेहमीं हा पुतण्या आठवतो. ठाणें, डोंबिवली, कल्याण ह्या आमच्या पट्ट्यांत तर हा विषय आतां केवळ वर्तमानपत्रांतला राहिलेला नाहीं; तो आमच्या जिन्यापर्यंत येऊन पोंचला आहे. पण तें पुढें सांगूं.

ही चाल पैशाच्या आजच्या बाजारानें काढली असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तिचा सर्वांत सुंदर दाखला जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वींचा आहे, आणि तो हॉकीचाच आहे. जून १९३६ च्या अखेरीस ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी हॉकी संघ मुंबई बंदरांतून बर्लिनच्या ऑलिंपिकसाठीं बोटीनें निघाला. १९२८ व १९३२ अशीं लागोपाठ दोन सुवर्णपदकें पदरीं असल्यामुळें तिसऱ्याविषयीं कोणाच्या मनांत शंका नव्हती. परंतु बर्लिनास पोंचल्यावर १७ जुलै रोजीं जर्मनीशीं सरावाचा सामना झाला आणि त्यांत आपला संघ ४-१ असा हरला. ध्यानचंदांच्या मनाला तो पराभव किती झोंबला, तें त्यांनीं पुढें १९५२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'गोल' ह्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. आघाडीची फळी जुळत नव्हती. बर्लिनहून हिंदुस्थानास तार गेली, ती अली इक्तिदार शाह दारा ह्या गड्याला पाठवून द्या म्हणून. संघ बोटीनें गेला होता. दारा विमानानें गेले. १९३६ सालीं हिंदुस्थानांतून युरोपास विमानानें जाणें म्हणजे काय प्रकार होता, ह्याची कल्पना आज सकाळीं निघून दुपारीं परदेशीं उतरणारांना यावयाची नाहीं. एका खेळाडूसाठीं एवढा खटाटोप करावा ह्यांत त्या तारेमागची तळमळ दिसून येते.

दारा पोंचले तोंवर हंगेरी, अमेरिका व जपान ह्यांच्याशीं झालेले सामने आपण जिंकले होते. उपांत्य सामन्यांत ते फ्रान्सविरुद्ध उतरले व आपण १०-० असे जिंकलों. अंतिम सामना पावसामुळें एक दिवस पुढें गेला आणि १५ ऑगस्ट १९३६ रोजीं झाला. (ह्या तारखेला पुढें निराळाच अर्थ येणार होता, हें त्या दिवशीं मैदानावर कोणाला ठाऊक असणार!) मध्यंतरापर्यंत आपला एकच गोल होता. उत्तरार्धांत मात्र जर्मनांचा बांध फुटला, आणि ज्या जर्मनीनें महिन्यापूर्वीं चार गोल चढविले होते तिच्यावर आपण ८-१ असा विजय मिळविला. दारांनींही त्या दिवशीं गोल केले. पाहुणा पंक्तीला शोभला.

परंतु अकरा गडी खेळतात म्हणजे बारावा बसतो, हें गणित बर्लिनांतही चुकलें नव्हतें. दारा उजव्या बाजूच्या आंतल्या जागीं खेळले, म्हणजे त्या जागेची आशा धरून महिनाभर बोटीवर व मैदानावर घाम गाळणारा कोणी तरी कडेला बसून टाळ्या वाजवीत होता. इतिहासानें दारांची तार जपून ठेविली. ह्या बसलेल्याच्या मनांत काय चाललें होतें तें टिपून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाहीं. तरीसुद्धां आम्ही ह्या निमंत्रणाला दोष देणार नाहीं, आणि त्याचें कारण केवळ विजय हें नव्हे. ती हांक मैदानावरून गेली होती. पराभव ज्यांनीं स्वतःच्या अंगावर घेतला, त्यांच्यामधून ती निघाली. घरच्या माणसांनींच 'आम्हांला आणखी एक हात पाहिजे' असें म्हणणें, आणि माडीवर बसलेल्या धन्यानें 'तुमच्यांतला एक हात काढून दुसरा लावतों' असें म्हणणें, ह्या दोहोंत फार अंतर आहे. जातां जातां एवढें सांगितलें पाहिजे कीं, ज्या संघाच्या हांकेस ओ देऊन दारा धांवले, त्याचे बारा वर्षांत दोन संघ झाले; १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें तेच दारा पाकिस्तानचे कर्णधार म्हणून उतरले.

प्रत्येक पाहुणा असाच शोभतो असें मात्र नाहीं. अमेरिकेंत बर्फावरील हॉकीचा हंगाम संपत आला म्हणजे युरोपांतील हंगाम आटोपलेला असतो, आणि तिकडचे मोकळे झालेले गडी शेवटच्या कांहीं आठवड्यांपुरते आणण्याची खटपट तेथील संघ करितात. २०१२ च्या मार्चमध्यें नॅशव्हिलच्या संघानें अलेक्झांडर राडुलोव ह्या रशियन खेळाडूस असेंच परत आणिलें. हा गृहस्थ २००८ मध्यें करार अर्धवट टाकून मायदेशीं गेला होता. तरी त्याचें कसब मोठें, म्हणून गावानें त्याचें स्वागत केलें. बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यांत फीनिक्सशीं गांठ पडली असतां हा आणि त्याचा एक सहकारी ठरलेल्या वेळेनंतर रात्रीं बाहेर राहिले, आणि व्यवस्थापकांनीं दोघांना तिसऱ्या सामन्यांतून वगळलें. गंमत अशी कीं, त्या मालिकेंत नॅशव्हिलला जो एकच सामना जिंकतां आला तो हा तिसरा. बाकीचे चारही फीनिक्सनें जिंकले. रोजच्या गड्यांनीं पाहुण्यावांचून एक दिवस घर राखून दाखविलें, एवढेंच त्यांच्या पदरीं पडलें.

आतां आमच्या घराकडे वळूं. २०२५ च्या मे महिन्यांत सीमेवरील संघर्षामुळें क्रिकेटची आय.पी.एल. स्पर्धा कांहीं दिवस थांबली व १७ मे रोजीं पुन्हा सुरू झाली. वेळापत्रक जूनपर्यंत लांबल्यामुळें मुंबईच्या संघांतील विल जॅक्स, रिकल्टन व बॉश ह्या परदेशी गड्यांना आपापल्या देशाच्या कामगिरीवर जावें लागलें. त्यांच्या जागीं जॉनी बेअरस्टो, रिचर्ड ग्लीसन व चरिथ असलंका हे तिघे केवळ निर्णायक सामन्यांपुरते घेण्यांत आले. नियम असा होता कीं, अशा तात्पुरत्या गड्यास पुढच्या वर्षासाठीं संघाला राखून ठेवतां येणार नाहीं. म्हणजे पंगत उठली कीं पाहुणा उठला! बेअरस्टोची किंमत सव्वापांच कोटि रुपये. आमच्या डोंबिवलीच्या आळींत ज्या आजीबाईंना हें नांव उच्चारतां येत नव्हतें, त्या देखील ३० मे च्या रात्रीं 'तो गोरा अजून आहे ना?' म्हणून आंतून विचारीत होत्या. गोऱ्यानें २२ चेंडूंत ४७ धावा केल्या. रोहित शर्मानें ८१. मुंबईच्या २२८ धावा झाल्या आणि गुजरातवर २० धावांनीं विजय मिळाला. शेवटचें षट्क ग्लीसन टाकीत होता. तीन चेंडूंनंतर त्याचा पाय दुखावला व तो लंगडत बाहेर गेला. उरलेले तीन चेंडू त्याच हंगामांत मुंबईकडून प्रथम खेळलेल्या अश्वनी कुमारनें टाकले. पाहुण्याच्या हातची वाढप अर्धी राहिली ती पुतण्यानें पुरी केली, आणि आम्ही दोघांचेंही कौतुक केलें.

ह्या प्रकरणांत आम्हांला वावगें कांहीं दिसलें नाहीं, कारण पाट आधींच रिकामे झाले होते. उठविलेला कोणी नव्हता. परंतु दोनच दिवसांनीं, १ जून रोजीं, अहमदाबादेस पंजाबनें मुंबईच्या २०३ धावा पार केल्या, त्या कोणाच्या जोरावर? श्रेयस अय्यरच्या नाबाद ८७ धावांच्या! ज्यानें सहाच महिन्यांपूर्वीं, डिसेंबर २०२४ मध्यें, मुंबईला सय्यद मुश्ताक अली चषक जिंकून दिला, तो मुंबईंत वाढलेला मुलगा पंजाबचा कर्णधार, आणि यॉर्कशायरचा बेअरस्टो मुंबईचा सलामीवीर. त्या रात्रीं समोरच्या गॅलरींतले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "हरलों तरी आपलाच पोरगा जिंकला." त्यांच्या नातवाला हें मुळींच पटलें नाहीं. आम्ही मध्यें पडलों नाहीं.

आपला आणि परका हा हिशेब आपण नेहमीं सोयीनें मांडतों. खडकीचे धनराज पिल्ले जर्मनींत स्टुटगार्टकडून, फ्रान्समध्यें लिऑनकडून, मलेशियांत, ढाक्यास, जेथें बोलावणें आलें तेथें खेळले, तेव्हां महाराष्ट्रानें त्यांचा अभिमानच बाळगला. तुटक्या काठ्यांनीं खेळ शिकलेला मुलगा युरोपांत मानानें बोलावला जातो, ही गोष्ट अभिमानाची होतीच. परंतु लिऑनच्या कोणत्या मुलाला त्या दिवशीं बाहेर बसावें लागलें असेल, हा प्रश्न आपल्यापैकीं कोणीं विचारला?

डोंबिवलीकर माणसाला हा प्रश्न वास्तविक रोज पडतो. सकाळच्या गाडींत बसावयास जागा मिळावी म्हणून येथले कित्येक लोक आधीं उलट दिशेनें कल्याणास जातात व तेथून बसून परत येतात. ज्यानें हा खटाटोप केला त्याचा त्या बाकावर एक हक्क असतो. तो कोठें लिहिलेला नाहीं, पण सारे जाणतात. ठाण्यास चढणारा मनुष्य उशिरा आलेला खराच. परंतु तो 'जरा सरकतां का?' म्हणाला कीं तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. तोच जर खांदा मारून घुसला तर मुलुंड येईपर्यंत भांडण पेटतें. जागा तीच, माणूस तोच, फरक काय तो विचारण्याचा. आम्हांस वाटतें, मैदानावरचा न्याय ह्याहून फारसा निराळा नाहीं.

तर आमच्या जिन्याची गोष्ट अशी. ह्या पट्ट्यांतील गांवोगांवीं रात्रीं दिव्यांच्या उजेडांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने होतात. मार्च २०२४ मध्यें ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटची मोठी व्यावसायिक स्पर्धा प्रथम भरली, तेव्हांपासून तर मुलांच्या डोळ्यांपुढें निराळीच स्वप्नें नाचूं लागलीं आहेत. कांहीं स्पर्धांत 'एक गांव, एक संघ' असा कडक नियम असतो आणि आधारपत्र पाहिल्यावांचून मैदानांत पाऊल टाकूं देत नाहींत. इतर स्पर्धा मात्र खुल्या. तेथें अखेरच्या रात्रीं कोण कोठून येईल ह्याचा नेम नसतो. आमच्या वरच्या मजल्यावर बाविशींतला एक मुलगा राहतो. दिवसा औषधांच्या दुकानांत हिशेब लिहितो, रात्रीं डाव्या हातानें चेंडू टाकतो. गेल्या वर्षीं तो शिळ रस्त्याच्या बाजूच्या एका संघाकडून अंतिम फेरीपर्यंतचे सर्व सामने खेळला. शेवटच्या रात्रीं संघाला पैसा पुरविणाऱ्या गृहस्थांनीं परप्रांतांतून एक नाणावलेला गोलंदाज मोटारीनें आणविला. नाणेफेकीच्या जरा आधीं ह्या मुलाला सांगण्यांत आलें, "आज तूं पाणी बघ." संघ जिंकला. चषकाबरोबरच्या छायाचित्रांत हा अगदीं कडेला आहे. अर्धा खांदा बाहेर गेला आहे.

दुसऱ्या दिवशीं जिन्यांत भेटला तेव्हां आम्हीं विषय काढला. राग नव्हता त्याच्या बोलण्यांत. "काका, तो फार चांगला टाकतो हो. मी त्या जागीं असतों तर कदाचित् हरलों असतों. फक्त मला दुपारीं सांगायला हवें होतें. आई आणि मामा बघायला आले होते."

ह्या वर्षींच्या हंगामांत भिवंडीकडच्या एका संघाचा उपांत्य सामना होता, आणि त्यांनीं बोलाविलें कोणाला? ह्यालाच! जाण्यायेण्याचा खर्च आणि वर कांहीं रक्कम. घरांत दोन दिवस वाद चालला. त्याच्या आईचें म्हणणें, "ज्यासाठीं तूं रडलास, तेंच आतां दुसऱ्याच्या पोराला करणार?" तो म्हणाला कीं आपण रडलों नव्हतों, आणि आपण गेलों नाहीं तर ते तिसऱ्याला नेतील. दोघांचेंही खरें होतें, त्यामुळें वाद मिटेना.

शनिवारीं संध्याकाळीं आम्ही भाजी घेऊन येत होतों, तों तो जिन्याच्या वळणावर पिशवी खांद्याला लावून दूरध्वनीवर बोलत उभा होता. संघाच्या लोकांकडून त्यानें बसणाऱ्या मुलाचा नंबर मागून घेतला होता. "दादा, मला आज तुझ्या जागीं बोलावलें आहे," तो सांगत होता. "तुला सांगितलें का त्यांनीं? … नाहीं? … तुझ्या घरचें कोणी यायचें आहे का बघायला?"

पलीकडून काय उत्तर आलें तें आम्हांला ऐकूं आलें नाहीं. तो बराच वेळ ऐकत राहिला, मग खालीं उतरून रिक्षांत बसला. रात्रीं दीडच्या सुमारास जिन्यावर त्याचीं पावलें वाजलीं. त्याचा संघ चार धावांनीं हरला होता.