विडी कामगार

सोलापुरात अम्मा रोज हजार विड्या वळायची. मांडीवर सूप, हाताशी कात्री, भिजवलेली तेंदूची पानं. पंचवीसची एक जुडी. चाळीस जुड्या झाल्या की दिवस भरला. मोजायची तेलुगूत. कारखान्यात विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, की भांडायची मराठीत. माझ्या दोन्ही भाषा तिथल्याच.

वडील सोडून गेले होते. माझ्या एम.ए.ची फी त्या जुड्यांतूनच निघाली. अर्ज भरताना मी तिच्यासाठी शब्द शोधायचे. ‘परित्यक्ता’ सोडून जाणाऱ्याकडे बघतो, ‘एकल माता’ रिकाम्या जागेकडे. एकदा तिलाच विचारलं. बोटांची तंबाखू झटकत म्हणाली, “विडी कामगार लिही.”

ती गेली तेव्हा मृत्यूच्या नोंदीत व्यवसाय म्हणून नातेवाइकांनी ‘घरकाम’ सांगितलं होतं. मी ते खोडायला लावलं.