खिळ्यांचा डबा

आमच्या लहानपणी हार्डवेअरच्या दुकानातून कागदाच्या पुडीत पावशेर चुका आणायच्या आणि हातोडीने ठोकायच्या, एवढंच खिळ्याचं शास्त्र होतं. (बारक्या खिळ्याला चूक म्हणतात हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. मी आयुष्यभर वह्यांतल्या चुका काढल्या, ह्या मात्र ठोकायच्या!)

आता मेस्त्रीच्या हातात हवेची गन असते. कॉम्प्रेसरची नळी जोडायची, ट्रिगर दाबायचा, फट्ट... खिळा आत. हे खिळे सुटे नसतात, डिंकाने चिकटवलेली त्यांची पट्टी असते. एफ-३० म्हणजे ३० मिलिमीटर लांब, एका डब्यात ५०००.

रत्नागिरीतल्या आमच्या व्हरांड्याच्या खिडक्यांच्या पट्ट्या यंदा पावसाळ्याआधी बदलायला काढल्या. मेस्त्रीने दोन डबे पुढ्यात ठेवले. "गुरुजी, हा कंपनीचा, हा साधा. साधा निम्म्यात येतो. कुठला वापरू?" काम अंगावर दिलेलं, खिळे त्याच्या खर्चातले. तरी त्याने विचारलं, हे मला आवडलं.

साध्या डब्याचा रंग हुबेहूब कंपनीचा. नावातलं एकच अक्षर बदललेलं. लाल पेनाची सवय असल्याने ते लगेच दिसलं. मग मला चेव आला. असा खिळा साधारण सव्वा मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड असतो. पोलाद घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. म्हणजे एक खिळा ०.२९ ग्रॅम आणि ५००० खिळे दीड किलोला थोडे कमी. शेजारच्या वाण्याच्या काट्यावर दोन्ही डबे ठेवले. कंपनीचा बरोबर उतरला, साधा १ किलो १८० ग्रॅम. पाचवा हिस्सा गायब! एकतर खिळे कमी, नाहीतर बारीक. म्हणजे 'निम्मी किंमत' ही निम्मी नव्हतीच.

तोवर मेस्त्रीच्या पोऱ्याने साधी पट्टी गनमध्ये भरून दोनचार खिळे मारलेही होते. पट्टी आतच मोडली, गन अडकली. पोऱ्या नळी तशीच ठेवून तोंडाशी बोटं घालायला निघाला. मी वर्गात ओरडायचो तसा ओरडलो, "आधी नळी काढ!" अठरा-एकोणीसचं पोर ते. हवा आत असताना अडकलेला खिळा कधी सुटेल याचा नेम नाही. मेस्त्रीने मग आपल्या डाव्या तर्जनीवरचा जुना व्रण दाखवला. लाकडातल्या गाठीवर बारीक खिळा वळला आणि बाजूने बाहेर आला होता. तेव्हापासून तो लाकूड धरणारा हात लांब ठेवतो.

आता गन ज्या कंपनीची तिचेच खिळे हवेत असं माझं म्हणणं नाही. माप, जाडी आणि डिंक नीट असेल तर दुसऱ्या कुणाचेही चालतात. कपाटाच्या आतल्या कामात तर खरी पकड फेव्हिकॉलची, तो सुकेपर्यंत धरून ठेवायचं काम खिळ्याचं. पण समुद्राच्या वाऱ्यावरच्या खिडकीचं तसं नाही. जस्ताचा पातळ मुलामा खारट हवेत किती टिकणार? रंगातून गंजाचे तपकिरी ओघळ उतरतात ते दर पावसाळ्यानंतर गावभर बघावेत. तिथे कंपनीचा साधा खिळासुद्धा अपुराच, स्टेनलेस स्टीलचाच हवा. तो दोन्हींपेक्षा महाग.

तेच ठरलं. वरचे पैसे मी द्यायचे म्हटल्यावर मेस्त्री अर्धा दिवस "नको गुरुजी" करत राहिला, मग घेतले. खिळे कोल्हापूरहून मागवावे लागले, चार दिवस काम थांबलं आणि घरात बोलणी मी खाल्ली. असो.

साधा डबा मेस्त्रीने परत नेऊन दिला. फोडलेला असूनही दुकानदाराने एक शब्द न बोलता तो घेतला आणि झाकण दाबून पुन्हा फळीवर ठेवला, असं पोऱ्या सांगत होता.