माझी किंमतींची वही

लहानपणीं कांहीं ना कांहीं जमविण्याचा नाद कोणास नसतो? १९९६ सालीं मी सातवींत असतां आमच्या वर्गांत बबलगमबरोबर मिळणारीं क्रिकेटपटूंचीं चित्रें जमविण्याची मोठी चढाओढ लागली होती. कोणत्या चित्राबद्दल किती चित्रें द्यावींत यावरून मधल्या सुटींत रोज तंटे होत. ते मिटावेत म्हणून मीं एक वही केली व तींत प्रत्येक चित्राचा भाव लिहून ठेविला. मुलें ती प्रमाण मानूं लागलीं. सचिन तेंडुलकरचा भाव मात्र मीं १० चित्रें असा लिहिला. कारण माझ्यापाशीं सचिनचीं तीन चित्रें होतीं! एका मित्रानें विश्वासानें दहा चित्रें मोजून दिलीं. शेजारच्या तुकडींत तेंच चित्र चारांस मिळतें, हें त्यास आठवड्यानें समजलें. तो मला कांहींच बोलला नाहीं. पण त्या दिवसापासून माझी वही कोणीं मागितली नाहीं.

मोठेपणीं अमेरिकेंतील बेसबॉलच्या कार्डांविषयीं वाचण्यांत आलें. तेथें सिगारेटच्या व पुढें च्युइंगगमच्या पाकिटांतून अशीं कार्डें मिळत. सिराक्यूज येथील जेफर्सन बर्डिक यांनीं १९३९ सालीं त्यांची सूची छापली. संधिवातानें हात आखडले असतांही या गृहस्थांनीं आपला प्रचंड संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत बसून स्वतः चिकटवून लावला. त्यांच्या सूचींत होनस वॅग्नरच्या कार्डाचा भाव ५० डॉलर होता. २०२२ सालीं त्याच्या एका प्रतीस ७२ लाख ५० हजार डॉलर आले.

परंतु मला खरी लाज वाटली ती जेम्स बेकेट यांची हकीकत वाचून. हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. भाव आपल्या मनानें न ठरवितां त्यांनीं ठिकठिकाणच्या संग्राहकांस प्रश्नावली पाठविली, आणि १९७९ सालीं एका सहकाऱ्यासह भावांचें पुस्तक काढलें. १९८४ पासून निघालेल्या त्यांच्या मासिकांत कार्डापुढें एक आंकडा नसून दोन असत, एक कमी व एक अधिक. कारण तीच वस्तु दोन दुकानांत दोन भावांनीं विकते. कोपरे दुमडलेल्या कार्डास कोऱ्या कार्डाचा भाव येत नाहीं. शिवाय विकणारा मागतो तो भाव निराळा, आणि घेणारा खरोखर मोजतो तो निराळा. मीं कोणास विचारलें होतें? माझ्याच पेटींतील तीन सचिनांना!

ती वही अजून माझ्यापाशीं आहे. सचिनच्या नांवापुढील १० हा आंकडा खोडून शेजारीं पेन्सिलीनें ४ असें लिहिलेलें आहे. अक्षर माझें नाहीं.